तिसरी पट्टी

“एकट्या माणसाचा चार्ट काढू नये गं. तो चार्ट राहत नाही, त्याचा फोटो होतो.”

हे मला माझी ऑफिसातली मैत्रीण कॉमा बंद दारापलीकडून सांगत होती. अलीकडे मी होते, सर्व्हरच्या खोलीत, उपड्या खोक्यावर बसून छातीला पंप लावलेली. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच कामावर परतले होते. आमच्या ऑफिसात मन शांत करायला एक खास खोली आहे. तिथे बसायला गुबगुबीत पिशव्या आहेत, धबधब्याचं चित्र आहे, पण भिंती सगळ्या काचेच्या. म्हणून दूध काढायला ही सर्व्हरची खोली एवढीच जागा होती, थंडगार, पंख्यांची घरघर चाललेली, आणि तिचीही कडी तुटलेली. म्हणून कॉमा रोज बाहेर जमिनीवर दाराला पाठ लावून बसायची, मांडीवर लॅपटॉप घेऊन. कुणी आलं की म्हणायची, “आत अपडेट चालू आहे. नंतर या.”

“ऐकतेयस ना?” तिनं दारावर टकटक केलं.

“ऐकतेय. पण आपल्याकडे एवढं बारकाईनं बघतंय कोण? इथले लोक मेलचा विषयसुद्धा धड वाचत नाहीत.”

“तू टेस्टर आहेस. तू असं बोलायचं नसतं.”

“आधी हे दूध निघू दे बाई, मग तुझे दोष काढते.”

ती हसली. मीही हसले. विषय तिथेच राहिला.

कॉमा हे तिचं टोपणनाव. एकदा एका क्लायंटचं सगळं काम ठप्प झालं होतं, तेव्हा हिनं दिवसभर मान मोडून एक चुकलेला स्वल्पविराम शोधून काढला होता. तेव्हापासून कॉमा. आमच्या टीममधली सर्वांत जुनी आणि सर्वांत चांगली प्रोग्रॅमर. जन्मल्यावर घरच्यांनी तिचं नाव मुलाचं ठेवलं होतं. ते नाव आणि तो वेश तिनं टाकून दिला त्याला काही वर्षं झाली होती. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे त्याबाबत फार समंजसपणे वागायचे. म्हणजे तिच्या तोंडावर.

पाठीमागचं सांगते. बायकांच्या टॉयलेटमध्ये ‘अवघडल्यासारखं होतं’ अशी कुणीतरी तक्रार केली. कुणी, ते कुणीच कबूल करेना. त्यानंतर कॉमा रस्ता ओलांडून समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये जायला लागली. तेही टाळता यावं म्हणून पाणीच पीत नसे. तिच्या टेबलावरची बाटली सकाळी भरलेली असायची आणि संध्याकाळीही भरलेलीच. ओठांना कायम भेगा. मला हे दिसायचं, कारण मला सगळंच दिसतं. घरी लेक झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघते, पुन्हा पुन्हा बघते, नवरा चिडवतो. ऑफिसात माझं कामच ते: दुसऱ्यांनी केलेलं चालतंय का, आणि कुठे मोडतंय, ते बघणं.

आम्ही तेव्हा जे बनवत होतो ते एक मनाच्या आरोग्याचं अ‍ॅप होतं. कंपन्यांनी आपल्या नोकरांसाठी घ्यायचं. सकाळी लॅपटॉप उघडला की पाच चेहरे येतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि खाली प्रश्न: आज कसं वाटतंय? तुम्ही एक चेहरा दाबायचा. तुमचं नाव कुठेही दिसत नाही, हे वचन ठळक अक्षरांत. वरच्या लोकांना दिसतात फक्त रंगीत पट्ट्या. कुठल्या विभागात किती सुखी, कुठल्या वयाचे किती दुःखी, पुरुष किती, महिला किती, इतर किती.

आता ‘इतर’मध्ये आमच्याकडे होतं कोण? कॉमा. एकटी. तिनं स्वतः ‘महिला’ लिहिलं होतं. पण एचआरच्या बाईंनी कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत म्हणून तिला ‘इतर’मध्ये बसवलं होतं आणि ती कागदपत्रं कुठल्या तरी कचेरीत पडून होती. या एचआरच्या बाईंना आम्ही काळजीबाई म्हणायचो. कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मला तुमची खूप काळजी वाटते’ असं सुरू व्हायचं आणि काहीतरी नाकारून संपायचं.

कॉमानं मॅनेजरला सांगून बघितलं होतं. “ज्या गटात मोजकीच माणसं आहेत त्याची पट्टी लपवू या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.”

मॅनेजर म्हणाला, “अगं, मग चार्ट बोडका दिसतो. डेमोला तीन रंग छान दिसतात. पुढच्या व्हर्जनला बघू की.”

क्लायंटला विकायच्या आधी अ‍ॅप आमच्यावरच चालवून बघायचं ठरलं. लोक सकाळी आल्या आल्या, चहाचा कप हातात घ्यायच्या आधी, डोळे मिटून हसरा चेहरा दाबायचे. वेबसाइट उघडली की न वाचता कुकीजची परवानगी दाबतात तसा. मीही. लेक दातांमुळे रात्र-रात्र जागवत होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि मी हसरा दाबत होते. कोण उगाच चौकशा ओढवून घेणार?

मग एका दुपारी सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. मनाच्या आरोग्याचा दिवस साजरा करायचा होता. टेबलावर पिवळाजर्द केक, त्यावर चॉकलेटचं हसणारं तोंड. काळजीबाईंनी सुरी फिरवली ती नेमकी एका डोळ्यातून, आणि मॅनेजरनं तो डोळा उचलून तोंडात टाकला. पिवळं क्रीम त्याच्या मिशीला लागलं आणि तसंच राहिलं. पुढचं सगळं मी त्या क्रीमकडे बघत ऐकलंय.

पडद्यावर चार्ट आला. पुरुषांची पट्टी बहुतेक हिरवी. महिलांची हिरवी आणि थोडी पिवळी. आणि तिसरी, ‘इतर’. वरपासून खालपर्यंत लाल.

माना वळल्या. खुर्च्यांचे पाय करकरले. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि ते खोकल्यात दडवलं. कॉमा भिंतीपाशी उभी होती, हातात केकची कागदी बशी, केक तसाच.

मॅनेजरला काही कळलं नाही, किंवा कळलं आणि मजा वाटली, देव जाणे. तो म्हणाला, “बघा, अ‍ॅप किती अचूक आहे!”

काळजीबाई छातीवर हात ठेवून पुढे आल्या. “आपल्यातलं कुणीतरी आज वेदनेत आहे. कोण, ते आम्हाला माहीत नाही, आणि आम्हाला जाणूनही घ्यायचं नाही.” असं म्हणत त्या सरळ कॉमाकडे बघत होत्या. “पण त्या व्यक्तीला आपण सगळे मिळून बळ देऊ या. जोरात टाळ्या!”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तोंड कॉमाकडे करून. काहींनी तर मोबाइल काढला. तक्रार करणारी बाईही त्यांत असणारच, तिच्याही बांगड्या वाजल्या असणार. मी इकडेतिकडे बघत होते, एखादा तरी माणूस शरमेनं खाली बघतोय का. आणि मग मला कॉमा दिसली. तिनं बशी खिडकीत ठेवली होती आणि ती पण टाळ्या वाजवत होती. अगदी ताल धरून. न वाजवावं तर ‘ती मीच’ असं कबूल केल्यासारखं झालं असतं ना.

खाली पार्किंगमध्ये मी तिला गाठलं. “तू खरं कशाला दाबत होतीस? सगळं जग हसरा दाबतं!”

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिला चोरी करायला सांगितलं होतं. “मी लिहिलंय ते, बाई. माझ्याच प्रोग्रॅममध्ये मी खोटी माहिती भरू?”

“मग काय सगळ्या गावाला सांगायचं का?”

“गावाला नव्हतं सांगत. मशीनला सांगत होते. अगं, आणि एवढं काही भयंकर नाहीये. त्या टॉयलेटच्या भानगडीनं हा महिना वाईट गेला. माझी गोळी चालू आहे, माझ्या डॉक्टर चांगल्या आहेत, गुरुवारी जाते मी. नीट होतंय सगळं. फक्त आता उद्यापासून हे सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलतील बघ. ते नाही सहन होत.”

मऊ आवाजावर थांबलं असतं तर बरं झालं असतं.

काळजीबाईंचा म्हणे एक नियम होता. कुणी सलग रडका चेहरा दाबला की घरच्यांना कळवायचं. त्यांनी कॉमाची फाइल काढली आणि नोकरीला लागताना तिनं दिलेला घरचा नंबर फिरवला. तो तिच्या मोठ्या भावाचा होता. कॉमा घरी वर्षातून एकदोनदा जायची, तेही केस टोपीखाली दाबून, शर्ट-पँट घालून. घरी कुणाला काहीही माहीत नव्हतं. आई थकलेली होती, आणि आईला ते आपण स्वतः, आपल्या तोंडानं, एक दिवस सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आधी काय बोलायचं, मग काय बोलायचं, हे ती मला म्हणून दाखवायची. मी आई व्हायचे, ती तिची मुलगी. सर्व्हरच्या दाराच्या दोन बाजूंना बसून आमची ही तालीम चालायची. दर वेळी मी आई होऊन रडायचे आणि ती म्हणायची, “अगं, एवढी लगेच नाही रडणार ती. आधी जेवलास का विचारेल.”

काळजीबाईंनी हे सगळं एका फोनमध्ये उरकलं. आणि वर आम्हा बायकांना चहाच्या मशीनपाशी येऊन सांगत होत्या, “मी म्हटलं, तुमच्या सिस्टरची आम्हाला फार काळजी वाटते. तर ते म्हणतात, मला बहीण नाही. मी म्हटलं, अहो आहे! मला इतकं म्हणजे इतकं अवघडल्यासारखं झालं ना!”

दोघीतिघी हसल्या. मी चहा तसाच बेसिनमध्ये ओतला.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आला. मी मनात कुणी तरी राक्षस उभा केला होता. आला तो साधा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, केसांना तेल लावलेला माणूस. रिसेप्शनच्या सोफ्याच्या अगदी कडेला बसला, मांडीवर कापडी पिशवी धरून. कॉमा बाहेर आली तेव्हा मी तिच्यासोबत होते. तिनं अबोली रंगाचा कुर्ता घातला होता, कानात बारीक रिंगा होत्या. भावानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान वळवली. रस्त्यात मेलेलं जनावर दिसलं की आपण वळवतो तशी. ते मी विसरणार नाही.

“दादा,” ती म्हणाली.

“चल.”

“दादा, मी आईशी संध्याकाळी बोलते. फोनवर. सगळं सांगते.”

“काय सांगणार? तिनं कालपासून अन्न घेतलं नाहीये. बसलीये भिंतीकडे तोंड करून.” मग त्यानं पिशवी पुढे केली. “हे घाल आणि चल. असा येऊ नकोस, लोक बघतायत.”

मी मध्ये बोलले. “भाऊ, तिचे उपचार चालू आहेत इथे. डॉक्टर आहेत तिच्या. तुम्ही एकदा त्यांना भेटा तरी.”

“ताई,” तो अगदी नम्रपणे म्हणाला, “तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. तुमचा भाऊ असा असता तर?”

मी म्हणाले, “ती माझी बहीण असती तर मी तिला घरी तशीच नेली असती.” त्याला ते कळलंच नसावं.

एवढ्यात मॅनेजर आणि काळजीबाई आले. मॅनेजरनं भावाचा हात दोन्ही हातांत घेतला. “कुटुंबाचा आधार सगळ्यात महत्त्वाचा असतो, साहेब. हा आमचा हिरा आहे. पाहिजे तेवढी रजा घेऊ दे. बरा होऊन येऊ दे.”

हा. बरा. काल सकाळपर्यंत हा मनुष्य ‘अगं’ म्हणत होता. भावाच्या एका नजरेत त्याची सगळी समज गळून पडली, ओल आलेल्या भिंतीचा रंग पडतो तशी.

“आई खरंच जेवत नाहीये?” कॉमानं भावाला विचारलं.

“आईची शपथ.”

तिनं पिशवी घेतली. एकदा बायकांच्या टॉयलेटकडे नजर गेली, एकदा रस्त्यापलीकडच्या कॉम्प्लेक्सकडे. मग ती पुरुषांच्या टॉयलेटमध्ये गेली. आत आमच्या टीममधले दोघंतिघं होते, त्यांचा हसण्याचा आवाज येत होता, तो एकदम बंद झाला. ते एकेक करून बाहेर आले, हात न धुताच, माझ्याकडे न बघता. मी दारासमोर उभी राहिले. आत कुणाला जाऊ दिलं नाही. एक जण म्हणाला, “अहो, मला घाई आहे.” मी म्हटलं, “समोर कॉम्प्लेक्स आहे.”

ती बाहेर आली तेव्हा पांढऱ्या शर्टात होती. तो तिला खांद्यात घट्ट होत होता. रिंगा काढलेल्या. भोकं तेवढी दिसत होती. मला म्हणाली, “लेकीला गरम पाण्याची पट्टी नको देऊस हां गालावर. थंड चमचा दे चावायला.”

“पोचलीस की फोन कर.”

“करते.”

“चालू ठेव फोन.”

“हो गं. आईला भेटते, ती दोन घास खाईल, की येते.” लिफ्टचं दार लागताना भावानं तिच्या दंडाला धरलं होतं. चालता येत नसलेल्याला धरतात तसं.

फोन त्या संध्याकाळपासून बंद आहे.

मी नवऱ्याला सांगितलं. तो वाईट माणूस नाही. लेकीला खांद्यावर थोपटत म्हणाला, “घरीच गेलीये ना? आईकडे? मग तू कशाला मध्ये पडतेस? आपल्या पदरात लेकरू आहे.” मी म्हटलं, “तिच्या आईच्याही पदरात लेकरूच आहे.” तो म्हणाला, “तू फार विचार करतेस. तुला झोप मिळत नाहीये.” त्या रात्री मी त्याच्याकडे पाठ करून झोपले. आपल्या घरात, आपल्या चांगल्या माणसाच्या तोंडून तेच मऊ बोलणं ऐकलं की कशावर चिडावं तेच कळत नाही.

भावाचा नंबर काळजीबाईंच्या टेबलावरच्या फाइलच्या कव्हरवर लिहिलेला होता, तेवढा मी पाठ केला होता. लावला. बरेच दिवस कुणी उचलला नाही. मग एकदा त्यानं उचलला.

“तो बरा आहे. औषधं चालू आहेत. आमच्या ओळखीतले आहेत डॉक्टर.”

“कसली औषधं?”

“झोपेची, शांत राहायची. जास्त वेळ झोपलेलाच असतो. आता काही प्रश्न नाही.”

“मला तिच्याशी बोलायचंय. एक मिनिट.”

“ताई, इथे ती कुणी नाही.” त्यानं फोन ठेवला, आणि माझा नंबर ब्लॉक करून टाकला.

तिच्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी काळजीनं ऐकलं. म्हणाल्या, जुन्या गोळ्या अशा एकदम तोडायच्या नसतात, पत्ता मिळवा, काही करता येईल. म्हणून मी काळजीबाईंकडे गेले. म्हटलं, घरचा पत्ता द्या, फाइलमध्ये आहे.

त्यांनी डोकं एका बाजूला कलवलं. “मला तिची खूप काळजी वाटते. पण पत्ता? ती खाजगी माहिती आहे ना. ती आम्ही कुणालाच देऊ शकत नाही.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठांना गुलाबी लिपस्टिक, दाताला थोडी लागलेली. मग बाहेर आले आणि पोलिसांकडे गेले. तिथल्या माणसानं विचारलं, “तुम्ही नात्यानं कोण?” मी म्हटलं, मैत्रीण. “सज्ञान व्यक्ती स्वतःच्या पायांनी स्वतःच्या घरी गेली, मग तक्रार कसली?” त्यानं पत्ता विचारला, तोही मला सांगता येईना; गावाचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, आणि भावाचा नंबर दिला तर तो त्यानं लिहूनही घेतला नाही.

तिचं काम एका नव्या मुलीला दिलंय. कॉमाच्या जागेवर बसते, हुशार आहे, कुणी बसायचं इथे आधी असं तिनं अजून विचारलेलं नाही. परवा मॅनेजरनं मला एक पान तपासायला पाठवलं, अ‍ॅपच्या जाहिरातीचं. त्यावर लिहिलं होतं: आमच्याच एका सहकाऱ्याची वेदना या अ‍ॅपनं वेळीच ओळखली. आज ती व्यक्ती आपल्या कुटुंबाच्या सुरक्षित छायेत आहे. खाली हसरा चेहरा.

“काही चुका सापडल्या का?” मॅनेजरनं विचारलं.

“पान खोटं आहे.”

“अगं, मी स्पेलिंगचं विचारतोय.”

मी ते पान नापास केलं. त्यानं दुसऱ्याकडून पास करून घेतलं. ते आता सगळ्यांना दिसतं.

मी मात्र अजून शोधतेय. पत्ता नाही, गाव नाही, आहेत ते दोन नंबर, तिचा बंद आणि भावाचा मला ब्लॉक केलेला. म्हणून हे लिहितेय. ती कुठल्याही गल्लीत असू शकते, तुमच्याही. तुमच्या शेजारच्या घरात एवढ्यात कुणी ‘विश्रांतीसाठी’ परत आलंय का बघा. दुपारीसुद्धा ज्याच्या खोलीचा पडदा ओढलेला असतो, ज्याच्याबद्दल विचारलं की घरचे विषय बदलतात, असं कुणी. ती कॉमा नसेल, दुसरं कुणी असेल. तरी चालेल. काहीतरी निमित्त काढा, दार वाजवा. माणसं चांगलीच असतील, तुम्हाला पाणी विचारतील. सांगतील, झोपलाय तो. तुम्ही म्हणा, असू दे, उठेपर्यंत थांबते. आणि बसून राहा.